आडवी बाटली आणि रविवारची बैठक



आज मी तुम्हाला एक इतिहास सांगणार आहे. दारू सोडू पाहणारी माणसं एकमेकांसोबत बसायला कधी लागली, कुठं लागली, आणि त्यात बायका कुठं होत्या, त्याचा हा इतिहास. परीक्षेसाठी किंवा पुस्तकासाठी मी तो गोळा केलेला नाही. आमच्या घरासाठी केला. म्हणून सुरुवात घरापासूनच करते.

आमच्या गावात दारूच्या दुकानाचं मतदान झालं, तेव्हा मी बचत गटांची सहयोगिनी होऊन दुसरंच वर्ष होतं. नियम तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असेल. २००८ च्या शासनाच्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. नुसत्या आलेल्या मतांच्या निम्मी नव्हे, एकूण मतदारांच्या निम्मी. म्हणजे जी घरी बसली तिचं मत दुकानदाराच्या खात्यात. आम्ही चार महिने वस्त्यावस्त्यांवर फिरलो. खुरपायला जाणाऱ्या बायकांना गाठायला सकाळी सहाला निघायचो. निकाल लागला तेव्हा शाळेच्या पटांगणात हलगी वाजली, गुलाल उधळला. दुकानाला कुलूप लागलं.

त्याच रात्री साडेदहाला आमच्या घरातलं एक माणूस झुलत आलं. शेजारच्या गावातून, चार किलोमीटर चालत. माझ्या केसांत अजून गुलाल होता.

ते माणूस माझं कोण, ते मी सांगणार नाही. का, ते पुढं येईल.

मतदान वाया गेलं असं मी अजिबात म्हणत नाही. दुकान गेल्यावर आमच्या शाळेच्या वाटेवरचा त्रास थांबला, चौकातली रोजची भांडणं कमी झाली. पुन्हा मतदान आलं तर मी पुन्हा सहाला निघेन. पण त्या रात्री मला एक गोष्ट कळली. गावातली बाटली मतांनी आडवी होते, घरातली होत नाही. मग तिचं काय करायचं? हा प्रश्न माझ्या आधी कोणाकोणाला पडला असेल, तो शोध तिथून सुरू झाला.

आपल्याकडचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे शपथ. देवळात बेलभंडारा उचलायचा, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा, आईच्या पायाला शिवायचं. आमच्याही घरात तीन वेळा भंडारा उचलला गेला. एकदा शपथ अकरा दिवस टिकली, एकदा दोन महिने, एकदा एकच रात्र.

अमेरिकेतही शपथेचाच उपाय आधी आला. १८४० साली बाल्टिमोर नावाच्या शहरात सहा पिणारे मित्र एका दारूच्या गुत्त्यातच बसले होते. त्यांनी तिथंच दारू सोडण्याची शपथ लिहून त्यावर सह्या केल्या. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांचं नाव त्यांनी आपल्या मंडळाला दिलं. त्यांची पद्धत साधी होती. आठवड्याला जमायचं, आपल्या पिण्याची गोष्ट आपण सांगायची, आणि पुढच्या वेळी आणखी एका पिणाऱ्याला घेऊन यायचं. बघता बघता हजारोंनी सह्या केल्या. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकन यांनीही १८४२ साली या मंडळाच्या सभेत भाषण केलं. बायकांनी आपली वेगळी मंडळं काढली, वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांच्या नावानं. पिणाऱ्यांच्या उपाशी घरांना कपडे आणि धान्य पोचवायचं काम त्या करत.

पण दहा वर्षांच्या आत हे सगळं जवळजवळ विरून गेलं. मोठमोठ्या सभा झाल्या, राजकारण शिरलं, दुकानं बंद करावीत की नाही यावर भांडणं लागली. शपथ घेतलेल्या माणसानं दुसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात काय करायचं, याची पक्की रीत कोणी बसवली नव्हती. सही झाली की काम झालं, असंच धरलं गेलं. मला हे वाचताना आमच्या देवळातला भंडारा आठवला.

शपथेनंतर दुसरा उपाय आला, तो बंदीचा. आपल्याकडे महात्मा फुले १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी आवाज उठवला होता. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर १८७३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या हिल्सबोरो गावात बायका भर थंडीत गुत्त्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. गुडघे टेकून प्रार्थना करायच्या, गाणी म्हणायच्या, हटायच्या नाहीत. पुढच्या वर्षी त्याच राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात या बायकांची देशव्यापी संघटना उभी राहिली.

या संघटनेचं आणि आपलं एक नातं आहे. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. मग त्या तिथं पावणेतीन वर्षं राहिल्या आणि या दारूबंदीवाल्या बायकांच्या कामात मनापासून मिसळल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात या संघटनेची हकिगत आहे. मतदानाचा हक्कसुद्धा नसलेल्या बायकांनी एवढी मोठी फळी कशी उभारली, हे आपल्या पणज्या-खापरपणज्यांना मराठीतून वाचायला मिळालं होतं.

त्या बायकांची चळवळ वाढत गेली. १९२० साली अख्ख्या अमेरिकेत दारूबंदीचा कायदा लागू झाला. तो १९३३ पर्यंत टिकला.

आता गंमत बघा. गंमत कसली, घराघरातलं दुःखच ते. या बंदीच्या तेरा वर्षांत दोन माणसं अशी बुडाली की वर यायची आशा उरली नाही. एक होता न्यूयॉर्कचा बिल विल्सन, शेअर बाजारात काम करणारा. दुसरा ओहायोमधल्या ॲक्रन शहराचा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, बॉब स्मिथ. बंदीच्या काळात डॉक्टरांना औषधासाठी मद्यार्क मिळायचा, आणि डॉक्टर बॉबना तीच वाट पुरली. बिलला चोरून मिळायची. म्हणजे देशभरातली बाटली आडवी होती आणि यांच्या घरातली उभी. ओहायो राज्य तेच, जिथं बायका गुत्त्यांसमोर गुडघे टेकून बसल्या होत्या.

बिलची शेवटची दारू डिसेंबर १९३४ मध्ये सुटली, न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात. तिथल्या डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितलं होतं की हा तुझ्या चारित्र्याचा दोष नाही, हा आजार आहे. त्या काळात असं सांगणारे डॉक्टर मोजकेच होते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं ते अधिकृतपणे मान्य केलं १९५६ साली, म्हणजे बावीस वर्षांनी.

पाच महिन्यांनी, मे १९३५ मध्ये, बिल धंद्याच्या कामासाठी ॲक्रनला गेला. काम फसलं. खिशात पैसे नाहीत, ओळखीचं कोणी नाही, शनिवारची संध्याकाळ, आणि हॉटेलात एका बाजूला बार. तिथून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याला जाणवलं की आज आपल्याला वाचवायला शपथ पुरणार नाही, आपल्यासारखंच दुसरं कोणी पिणारं माणूस भेटलं पाहिजे. त्यानं डिरेक्टरीत बघून एका पाद्र्याला फोन लावला, आणि त्यांच्यामार्फत हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईपर्यंत पोचला. तिच्या ओळखीत एक पिणारा डॉक्टर होता. तिनं लगेच डॉक्टरच्या बायकोला, ॲनला निरोप दिला. पण त्या दिवशी डॉक्टर बॉब शुद्धीवर नव्हते. भेट दुसऱ्या दिवशी ठरली. तो १२ मे चा रविवार होता आणि तिकडचा मातृदिन.

डॉक्टर आले ते बायकोच्या आग्रहाला भिऊन, आणि पंधराच मिनिटं बसणार म्हणून सांगून. बसले सहा तासांच्या वर. कारण समोरच्या माणसानं उपदेश केला नाही. त्यानं स्वतःची हकिगत सांगितली. डॉक्टर, पाद्री, नातेवाईक सगळे बॉबना समजावून थकले होते, पण ज्याला स्वतःला दारू सुटत नव्हती असा माणूस पहिल्यांदाच समोर बसला होता. महिन्याभरात बॉब एकदा पुन्हा घसरले. त्यानंतर १० जून १९३५ हा त्यांचा शेवटचा पिण्याचा दिवस ठरला. तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा जन्मदिवस मानतात. ॲनॉनिमस म्हणजे नाव न सांगणारे. आज जगातल्या १८० च्या आसपास देशांत या बैठका होतात.

यात बायका कुठं होत्या, ते आता बघू. हेन्रिएटाच्या घरी पहिली भेट झाली. त्या उन्हाळ्यात बिल राहिला ॲनच्या घरी. नवीन पिणारे तिच्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत बसायचे, आणि त्यांच्या रडवेल्या बायकांना ती वेगळं घेऊन बोलायची. १९३९ पासून ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया डॉक्टर बॉबसोबत काम करू लागल्या. दारुड्याला तेव्हा रुग्णालयं दाखल करून घेत नसत. तर सिस्टर सुरुवातीला रजिस्टरात जठराचा दाह असं कारण लिहायच्या आणि खाट द्यायच्या. त्याच सुमारास मार्टी मान नावाच्या बाईनं स्वतःची दारू या बैठकांच्या आधारानं सोडली. बायकाही पितात आणि त्यांनाही तोच आजार असतो, हे तिनं पुढं देशभर फिरून उघड सांगितलं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती लोइस, बिलची बायको. नवरा पीत होता तेव्हा ती एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवत होती. सतरा वर्षं तिनं त्याला सुधारायचा प्रयत्न केला. आणि तो सुधारला, तर तो कोण कुठल्या परक्या माणसांमुळे! एकदा तो बैठकीला चल म्हणाला तेव्हा तिनं रागानं पायातला जोडा काढून फेकला आणि तुझ्या त्या बैठका गेल्या खड्ड्यात, अशा अर्थाचं काहीतरी बोलली. मग तिचीच ती चपापली. नवरा पीत नाही, तरी आपल्याला एवढा राग का? तेव्हा तिच्या ध्यानात आलं की दारू त्याच्या अंगात होती, पण तिनं आपलं सगळं आयुष्य त्या दारूभोवती गुंडाळलं होतं.

ब्रुकलिनच्या त्यांच्या घरी बैठका व्हायच्या. एकदा लोइसनं खिडकीतून पाहिलं, तर नवऱ्यांना सोडायला आलेल्या बायका बाहेर गाड्यांमध्ये एकेकट्या ताटकळत होत्या. तिनं त्यांना आत स्वयंपाकघरात बोलावलं. अशा बायकांचे गट गावोगावी आपोआप तयार होत गेले. १९५१ साली लोइसनं ॲन नावाच्या मैत्रिणीसोबत अशा ८७ गटांना आणि व्यक्तींना पत्रं पाठवली आणि त्यातून अल-अनॉन उभं राहिलं. पिणाऱ्याच्या घरच्यांची बैठक. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका सतरा वर्षांच्या मुलानं पिणाऱ्यांच्या मुलांसाठीही तशी बैठक सुरू केली.

आता आपल्या गटाच्या बायकांना चटकन पटेल अशी एक गोष्ट. १९३८ साली बिल आणि त्याचे साथीदार रॉकफेलर या अतिश्रीमंत माणसाकडे मदत मागायला गेले. त्यांना रुग्णालयं काढायची होती, पगारी माणसं नेमायची होती. रॉकफेलरला काम फार आवडलं, आणि म्हणूनच त्यानं मोठी रक्कम दिली नाही. पैशानं हे काम नासेल अशी त्याला भीती वाटली. त्यानं फक्त ५,००० डॉलर दिले. तेव्हा या मंडळींना वाईट वाटलं, पण पुढं त्यांनी तोच नियम केला. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, खोलीचं भाडं आणि चहाचा खर्च बसलेल्यांनीच थोडे थोडे टाकून भागवायचा. आपल्याकडे १९९२ साली नाबार्डनं ५०० गटांपासून गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हाही पाया तोच होता, आधी स्वतःची बचत. नियमित बैठक, एकीनं वर्तुळात बसणं, अध्यक्ष बदलत राहणं, हे सगळं आपल्याला ओळखीचं आहे.

असे बारा नियम १९५० साली क्लीव्हलँडच्या मेळाव्यात मान्य झाले. त्यातला अकरावा नियम सांगतो की वर्तमानपत्र, रेडिओ आणि सिनेमात सभासदानं आपली ओळख उघड करायची नाही. रेडिओचं नावच आहे त्यात. म्हणून मैत्रिणींनो, मी घरातल्या त्या माणसाचं नातं सांगितलं नाही. हे शब्द माझे आहेत, पण रेडिओवर वाचत आहेत दुसऱ्या ताई, आणि मासिकात छापताना माझं नाव घालू नका असं मी सांगितलं आहे. जवळच्यांना ओळखू येईलच, तेवढं चालेल.

भारतात एएची बैठक १९५७ साली मुंबईत सुरू झाली. पुण्यात १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथं मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढं केला, आणि केंद्राचं उद्घाटनही पुलंच्याच हस्ते झालं. तिथं उपचार घेऊन गेलेल्यांना पुढंही भेटत राहायची रीत आहे, आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. ब्रुकलिनच्या गाडीत ताटकळणाऱ्या बायका आणि येरवड्याच्या सहचरी, दुखणं एकच.

आता मला ही बैठक कशी सापडली ते सांगते. मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी एका कागदावर तालुक्याच्या गावातल्या एका शाळेचं नाव आणि रविवारची वेळ लिहून दिली. दोन रविवार मी शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि परतीच्या एसटीत बसले. माझ्या कामामुळे तालुक्यात मला सगळे ओळखतात. दारूबंदीवाल्या ताई इथं कशा, असं कोणी म्हटलं तर?

तिसऱ्या रविवारी आत गेले. पहिलीचा वर्ग होता, भिंतीवर बाराखडी, बसायला छोटे बाक. एका वर्गात पिणारे, शेजारच्या वर्गात घरचे. आमच्यात सात बायका आणि एक म्हातारे बाबा होते, मुलासाठी येणारे. कोणी माझी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, पैसे मागितले नाहीत. फॉर्म नाही, रजिस्टर नाही. फक्त पहिलं नाव. एकेकीनं आपलं सांगायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मला पहिल्या दिवशी बोलताच आलं नाही, तेही चाललं. निघताना एका मावशींनी चहाचा कप हातात दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये गं." एवढंच.

तिथं मी हळूहळू शिकले की ही दारू मी लावलेली नाही, ती माझ्या ताब्यात नाही आणि मी ती बरी करू शकत नाही. माझ्या हातात आहे ते मी काय करते एवढंच. बाटल्या शोधणं मी थांबवलं. कामावर न गेल्याबद्दल मुकादमाला ताप आलाय म्हणून सांगणं थांबवलं. आणि एक गोष्ट उरली होती, ती सगळ्यात जड होती.

मी आमच्याच गटातून ८,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं होतं. रजिस्टरात कारण लिहिलं होतं, शेळी. शेळी आमच्या दारात कधी आलीच नाही. ते पैसे त्या माणसाची पिण्याची उधारी फेडायला गेले होते. हप्ते मी वेळेवर भरत होते, पण दर महिन्याला इतर बायकांच्या कर्जाची कारणं तपासणारी मीच होते. एका मासिक बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं. काढून टाका मला, असंही म्हटलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्या सचिव काकू खाली बघत म्हणाल्या, "माझी शिलाई मशीनपण तसलीच आहे." त्या दिवशी आणखी दोघींनी सांगितलं. पंधरा जणींच्या गटात चार खोटी कारणं, आणि चारही एकाच कारणाची. दुकान बंद पाडायला आम्ही एक होतो, पण आपापल्या घरातलं एकमेकींना सांगायला आम्हाला सहा वर्षं लागली. मला काढलं नाही. पण त्या महिन्यापासून कर्जाची तपासणी दुसऱ्या दोघी करतात, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या घरातलं माणूस चौदा महिने बैठकीला आलंच नाही. मी एकटी जात होते. मग एका रविवारी एसटीच्या थांब्यावर माझ्या मागं येऊन उभं राहिलं. सात महिने राहिलं, दिवाळीत पुन्हा प्यायलं, लाजेनं दीड महिना गेलं नाही, पुन्हा गेलं. तिथं परत आलेल्याला कोणी टोमणा मारत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच ते धरून चालतात. उद्याचं मला माहीत नाही. मी मात्र त्याच्या येण्या-न येण्यावर माझा रविवार ठेवत नाही.

आता तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी.

बैठक शोधायची असेल तर जिल्हा रुग्णालय, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना विचारा. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठी मोफत क्रमांक आहे, १४४४६. काही बैठका खुल्या असतात, तिथं कोणीही जाऊन ऐकू शकतं. काही फक्त पिणाऱ्यांसाठी असतात. आधी विचारून जा. बैठक चर्चच्या खोलीत असली म्हणून घाबरू नका. खोली स्वस्तात मिळते एवढाच त्याचा अर्थ. बैठकीत देवाचं नाव येतं, पण तो ज्याचा त्यानं आपल्या समजुतीचा धरायचा असतो. माळ घातलेल्यानं माळ घालूनच जावं.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नका. अंगाला कंप सुटतो, फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग बैठक. बैठक औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे.

आणि मारहाण होत असेल तर बैठकीची वाट बघू नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. आजार आहे म्हणून मार सोसायचा, असं कुठल्याच बैठकीत शिकवत नाहीत.

घरचं माणूस तयार नसेल तर त्याची वाट पाहू नका. तुम्ही जा. दोनदा फाटकावरून परत फिरलात तरी तिसऱ्यांदा जा. आणि जवळपास घरच्यांची बैठक नसेल, तर आपल्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास वही मिटून ठेवा आणि एकमेकींचं ऐका. कोणाचं कोणाला बाहेर सांगायचं नाही, एवढा एकच नियम सुरुवातीला पुरे.

पुढच्या महिन्यात भेटू. नमस्कार.